पितळी मिशीचा कप्तान

उकंडरावाइतका भित्रा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता. गल्लीत मोकळा बैल दिसला की तो मागच्या नाल्यानं वळसा घालून घरी जाये. तलाठ्यानं नाव घेऊन हाक मारली तर पायातल्या चपला काढून उभा राहे. ह्याच्या आधीची लेकरं वाचली नव्हती म्हणून मायनं जन्मल्याबरोबर ह्याला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवलं आणि शेजारणीनं उचलून आणल्यावर मूठभर ज्वारी देऊन परत घेतलं. तेव्हा जे भेव अंगात शिरलं ते निघालंच नाही, असं म्हाताऱ्या म्हणत.

पण चैत्रात मारुतीच्या पारापुढं सोंगं निघाली की हाच माणूस राक्षस होई. ताडासारखा उंच, गालफडं बसलेली, आणि आवाज असा की पिंपळगाव राजाच्या बाजारात उभा राहून बोलला तर आमच्या गावच्या कोंबड्या जाग्या व्हाव्या. तोंडाला काजळ-शेंदूर फासला की त्याच्या अंगातलं भेव कुठं जाई कोण जाणे. लहान लेकरं भिऊन मायच्या पदरात शिरत आणि त्या पदरातून हसत. आमच्याकडे रामाचं सोंग कोणीही करे, राक्षस मात्र उकंडरावच.

गावचा एक रिवाज सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सोंग घेतलेल्या माणसाच्या तोंडावर रंग आहे तोवर त्याचा शब्द धरायचा नाही. रंगात तो पाटलाला चोर म्हणो, सासऱ्याची उणीदुणी काढो, हसायचं आणि विसरायचं. तोंड धुवून बोलला तर तो शब्द मोजायचा. बनाबाईच्या नवऱ्यानं एका साली रंगात सारं वावर मारुतीला देऊन टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी कोणी त्याच्या दारात गेलं नाही. ह्या रिवाजापायी गावातली किती भांडणं वाचली त्याचा हिशेब नाही.

उकंडरावाची दाढी करून द्यायचं काम जाकीरचं. जाकीर पिंजारी, फकीर मोहम्मदचा मुलगा. बाप कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर घेऊन गावोगाव गाद्या भरत फिरला. पुढं लोक तयार गाद्या आणू लागले, तेव्हा जाकीरनं उत्तमरावाचं वावर ठोक्यानं, सालाच्या ठरीव पैशावर, केलं. ते वावर उकंडरावाच्या वावराला लागून, मध्ये एक धुरा, म्हणजे बांध. दोघं त्या धुऱ्यावर बसून भाकर खात. पिंजायचा धंदा गेला तरी हात राहिला होता. दर चैत्रात जाकीर चांगल्यातला कापूस निवडून, पिंजून, राक्षसाची दाढी आणून दे. "एका मुसलमानाच्या दाढीवर तुहा रावण उभा हाय, ध्यानात ठेवजो," असं म्हणे.

उकंडरावाची पोरगी काजल खामगावला बारावीत. रोज एसटीनं जाई-येई. त्या साली तिच्या हाती मोबाइल आला आणि ती त्यात एक जपानी चित्रकथा वाचू लागली. दर्यातल्या लुटारूंची. सांजच्याला ओट्यावर बसून बापाला ती वाचून दाखवी, म्हणजे आपल्या बोलीत सांगे. जाकीरही येऊन बसे.

"काका, हे उजवीकून डावीकडं वाचा लागते," काजल म्हणाली.

"म्हंजे आमच्या उर्दूवानी!" जाकीर खूश झाला. "उकंडा, जपानी मुसलमान असन बे."

त्या कथेत नायक वेगळाच होता, कोणी शूर पोरगा. उकंडरावाला त्याच्याशी काही घेणं नव्हतं. त्याचा जीव गुंतला तो पितळी मिशीच्या कप्तानात. हा कप्तान खरं तर जहाजावरचा स्वैपाकी. लढाई सुरू झाली की रिकाम्या पिंपात लपणारा. एकदा बंदरावर असाच लपला आणि पिंप उतारावरून गडगडत गेलं ते थेट राजाच्या वसुलीच्या नाक्यावर आदळलं. नाका मोडला. ज्यांच्या मानेवर बसून राजा वसुली करे ते सारे कोळी-हमाल धावत आले, पिंपातून ह्याला काढलं आणि खांद्यावर घेतलं. ह्यानं सांगायला तोंड उघडलं की बाबांनो, मी लपलो होतो. पण एवढी माणसं आपल्याकडं पाहताहेत हे त्याच्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं. मग तो ओरडला, "दर्या माह्या बापाचा!" तिथून तो कप्तान. कोणी विचारलं, कप्तान, पुढं काय? तर मिशीवर बोट फिरवून म्हणे, "योग्य वेळी सांगीन." आणि थोड्या दिवसांनी त्याच नाक्यावर त्याची स्वतःची वसुली सुरू.

उकंडराव पोट धरून हसला. काजल हसली नाही.

"बाबा, तो बदमाश नाही. तो भेते. भेते म्हणून खोटं बोलते, अन् लोकाइले खोटंच पाह्यजे, कारण त्याइचं ऐकणारं दुसरं कोणी नाही. म्हणून तो राजापेक्षा डेंजर हाय."

"पोट्टी लय शिकली," जाकीर म्हणाला. "पुढारीण होते का बे?"

त्या चैत्रात राक्षस निघाला नाही. पितळी मिशीचा कप्तान निघाला. ज्या गावानं दर्या कधी पाहिला नाही त्या गावात बैलगाडीचं जहाज आलं, फवारणीच्या पंपाची तोफ झाली. बायकोचा, गोजरबाईचा, मोडका पितळी डाव ठोकून उकंडरावानं मिशी केली. "माहा डाव!" म्हणून गोजरबाई पहिल्या रांगेत ओरडली, तिथंच लोक लोळले. कप्तान गाडीवर उभा राहून गरजला, "पऱ्हाटीवर कर! बोंडावर कर! बोंडात अळी असन तर अळीवर कर! अळी माह्या रयतेतली हाय, तिले कोणी हात लावाचा नाही!" लोकांनी विचारावं, कप्तान, पाऊस कधी? "योग्य वेळी सांगीन!" भाव कधी? "योग्य वेळी सांगीन!" पुढं कितीतरी दिवस लेकरं शाळेत मास्तरांना तेच उत्तर देत होती.

अळीचं बोलला ते गंमत म्हणून बोलला. दोन हजार सतराचं साल होतं. बीटी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पहिल्यांदा आली तेव्हा अळी दिसेनाशी झाली होती, झाडाला बोंडं झेलवत नव्हती. कास्तकारांनी घरावर स्लॅब टाकले ते त्याच कापसावर. पुढं वर्षावर्षाला फवारे वाढले. आणि त्या साली दसऱ्याच्या सुमाराला फुलं उमलायच्या ऐवजी मिटलेलीच राहू लागली, गुलाबाच्या कळीसारखी गच्च. त्याला आम्ही डोमकळी म्हणतो. कळी फोडली की आत गुलाबी अळी. बोंड वरून हिरवंगार, आत कापसाच्या जागी काळी गाठ. वेचणीला गेलेल्या बाया अर्ध्या ओटीनं परत आल्या. बोंड फोडून पाहायचं आणि टाकून द्यायचं, एवढंच काम सगळ्या वावरात चाललं होतं.

नुकसानीचे पंचनामे व्हावेत म्हणून शेजारपाजारची गावं तालुक्याला जमली. आमच्या गावाचा ट्रॅक्टर उत्तमरावाचा. उत्तमराव म्हणजे जमीनजुमला असलेला, पक्षाच्या बैठकांना जाणारा माणूस. पण पुढं तो कधी उभा राहायचा नाही, दुसऱ्याला उभा करायचा. उकंडरावाला लोकांनी ट्रॅक्टरमध्ये ओढून घेतलं ते घोषणा द्यायला. आवाज होता ना.

कचेरीच्या फाटकापाशी रेटारेटी झाली. मागून कोणी ढकललं, पुढून पोलिसानं काठी उगारली. ती काठी कोणाला लागणारही नव्हती. पण उकंडरावाला पळायला जागा नव्हती, बाजूला पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी होती, तो तिच्यावर चढला. अर्ध्यावर गेला आणि खाली पाहिलं. उतरता येईना. एका जागी थांबणं तर त्याहून कठीण. मग डोळे मिटून वर वर चढला आणि टाकीच्या माथ्यावर जाऊन खांबाला मिठी मारून उभा राहिला.

खाली साऱ्यांच्या माना वर झाल्या. मग कोणी तरी ओरडलं, "उकंडराव आगे बढो!" आणि हजार माणसं ओरडली.

तहसीलदार साहेब कचेरीतून धावत बाहेर आले. "उतरा हो दादा! पंचनामे करू! लवकर करू! खाली या!"

उकंडरावानं खांबाची मिठी आणखी घट्ट केली. अशा वेळी त्याच्याकडे एकच आवाज होता, चैत्रातला. तोच निघाला. "उभ्या पिकाचा पंचनामा झाल्याबिगर एक झाड उपटाचं नाही! कोणीच नाही! ज्यानं उपटली तो गावाचा बेइमान!"

हे त्याच्या मनात कुठून आलं ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पण तोंडावर रंग नव्हता. शब्द मोजला गेला.

त्याला अग्निशामकवाल्यांनी उतरवलं. पाय थरथरत होते. लोक म्हणाले, रागानं कापून राह्यला. हार घातले, खांद्यावर घेतला. ट्रॅक्टर गावात शिरला तेव्हा गोजरबाई दारात उभी होती. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "भेले होते का?"

"हाव," तो म्हणाला. एवढं एक खरं तो घरात बोलला.

मग गावात येणारा-जाणारा उकंडरावाला आधी नमस्कार करू लागला. चहाच्या टपरीवर त्याला बाक रिकामा होऊ लागला. उत्तमराव संध्याकाळी स्वतः येऊन ओट्यावर बसे. म्हणे, "उकंडराव, अवंदा सरपंच थेट लोकाइतून होते. गाव तुमच्या मांगं हाय. तुमी फक्त उभे राहा, बाकीचं मी पाह्यतो." मोकळा बैल पाहून वळसा घालणाऱ्या माणसाला आता गल्लीच्या मधोमध चालावं लागे, कारण मागं चार-पाच जण असत.

पंचनाम्याला कोणी आलं नाही. डोमकळ्या वाळल्या. पऱ्हाट्या करड्या पडल्या. उशिराचा हरभरा पेरायचे दिवस सरत चालले, आणि विहिरीत त्याच्यापुरतंच पाणी.

एक दिवस गावचा कोतवाल, नाव कारभारी, उकंडरावाला नाल्याच्या वाटेवर भेटला. इकडंतिकडं पाहून म्हणाला, "कोणाले सांगजो नोका. वावरात येऊन उभं पीक कोणी पाह्यत नाही. साऱ्या गावाचा एकच आकडा जाते, तो गेला बी. पऱ्हाटी उभी असो का आडवी, त्यानं काही फरक पडत नाही. उपटून टाका अन् हरबरा पेरा. अन् उभी ठेवाल तर अळी त्यात बसून पुढच्या साली तुमच्याच उरावर येईन."

उकंडराव घरी आला तो जेवला नाही. गोजरबाईनं खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं.

"मंग जा अन् सांगा पारावर."

"काय सांगू? की मी टाकीवर भेऊन चढलो होतो?"

"ते नोका सांगू. उपटा म्हणा, एवढंच सांगा."

"लोक काय म्हणतीन?"

गोजरबाईनं चिमटा काढला, पऱ्हाटी उपटायचा लोखंडी, आणि दाराशी ठेवला. "तुमी राहा टाकीवर. मी सकाऊन वावरात जातो."

तो तिच्या पाया पडला, खरंच पडला. ती गेली. दोन बाया लावून तिनं सगळी पऱ्हाटी उपटली, धुऱ्यावर रचली आणि हरभरा पेरला.

पुढाऱ्याच्या वावरात पहिली पऱ्हाटी उपटली हे दुपारपर्यंत गावभर झालं. उकंडराव घरात लपून बसला. त्याला वाटलं, आता लोक येतील, दगड घेऊन येतील. आणि मनातल्या मनात त्याला बरंही वाटलं की चला, आपोआप सुटलो. लोक आले, पण हार घेऊन. त्याच्या मागं-मागं फिरणाऱ्या सोजराबाईच्या मुलानं सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, "अबे, त्यानं आपला पंचनामा सोडून देल्ला! स्वतःचं नुकसान मागतच नाही म्हणते, फक्त गावासाठी लढून राह्यला. याले म्हणते त्याग!" बायांनी त्याला ओवाळलं. गोजरबाईला विचारलं तर ती म्हणाली, "मी उपटली, मले पटलं नाही म्हणून." त्यावर बाया म्हणाल्या, पाह्य, नवऱ्याचा मोठेपणा झाकून राह्यली.

काजलनं ते सगळं पाहिलं. रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, पिंप नाक्यावर आदळलं."

त्यानं ताट सारलं आणि बाहेर जाऊन बसला.

जाकीरचं वावर धुऱ्यापलीकडं होतं. एकीकडं उकंडरावाचा हरभरा उगवत होता, दोन पानांवर आला होता, आणि दुसरीकडं जाकीरची करडी पऱ्हाटी उभी होती. जाकीरचं सारं आता हरभरा पेरण्यावर होतं. कापूस गेला होता. हरभरा आला तरच उत्तमराव पुढच्या साली वावर ठेवणार, हे त्यानं साफ सांगितलं होतं. नाही तर घर सोडून बाहेर निघावं लागणार.

दोघं धुऱ्यावर बसले. जाकीरनं भाकरीचं फडकं सोडलं, बायकोनं, शबानानं, दिलेली तव्यावरची मिरची पुढं केली. उकंडरावानं हात लावला नाही.

"उकंडा, खरं सांग यार. उपटू का?"

उकंडरावाच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात वाटेवरून सोजराबाईचा मुलगा आणि आणखी दोघं जाताना दिसले. त्यांनी तिथूनच हात वर केला, "जय हो, उकंडभाऊ!"

"योग्य वेळी सांगीन," उकंडराव म्हणाला.

जाकीर हसला. त्याला वाटलं मस्करी आहे. मग त्यानं उकंडरावाच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसणं थांबवलं. भाकर बांधून उठला.

त्यानंतर उकंडरावानं जे ठरवलं ते त्याच्यासारख्या माणसालाच सुचावं. खरं बोलायचं होतं, ते आता टाळता येत नव्हतं. पण खरं बोलायचं बळ त्याला आयुष्यात एकाच जागी मिळालं होतं. दत्तजयंतीचा भंडारा होता, दुपारी सारं गाव पारापुढं पंगतीला बसणार होतं. उकंडरावानं घरात आरशापुढं बसून तोंडाला शेंदूर लावला, पितळी मिशी लावली. गोजरबाईनं दारातून पाहिलं.

"हे काऊन?"

"बोलाले जाऊन राह्यलो. सारं बोलतो."

"मंग रंग कायले?"

"त्याच्याबिगर तोंड उघडत नाही व," तो म्हणाला.

चैत्र नसताना कप्तान आला म्हणून पंगत अर्धी उठून उभी राहिली. लेकरं "कप्तान! कप्तान!" म्हणत धावली. तो पाराच्या कट्ट्यावर चढला.

"ऐका! मी खोटा हाय! मी टाकीवर भेऊन चढलो होतो, काठी पाहून! उपटू नोका म्हणलो ते मले काहीच मालूम नव्हतं!"

लोक हसले.

"हसू नोका! उभं पीक कोणी पाह्यत नाही! उपटा! आजच उपटा! हरबरा पेरा! माह्या बायकोनं उपटली ते त्याग नाही, ते शहाणपण होतं! अळी ठेवसान तर पुढच्या साली अळीच खासान!"

"अळीवर कर!" मागून कोणी ओरडलं, आणि मग आवरलंच नाही. म्हातारे डोळे पुसू लागले. विमलबाईला ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं. उकंडरावाचा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी आलं, शेंदूर गालावर ओघळला. त्या सालात गाव असं हसलं नव्हतं. ज्यांच्या घरात दिवाळी झाली नव्हती ते एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते.

उत्तमराव हसत कट्ट्यावर चढला आणि त्यानं उकंडरावाच्या खांद्यावर हात ठेवला. "पाहा लोकहो! असा पुढारी पाह्यला का, जो स्वतःवर हसवते?"

पंगतीच्या कडेला जाकीर उभा होता. तो हसत नव्हता. गर्दी सारत तो कट्ट्यापाशी आला आणि खालून विचारलं. हळू विचारलं, पण पुढच्या रांगेला ऐकू गेलं.

"उकंडा, हे रंगातलं का रंगाबाहेरचं?"

हात वर उचलून तोंड पुसायचं, एवढंच काम होतं. पारावर पाण्याचा हंडा भरलेला होता. उकंडरावानं हंड्याकडं पाहिलं हे पुष्कळांनी पाहिलं. मग त्यानं समोर पाहिलं. एवढी माणसं त्याच्याकडं पाहत होती, आणि सगळ्यांची तोंडं हसरी होती. खांद्यावर उत्तमरावाचा हात होता.

"रंगातलं," तो म्हणाला.

जाकीरनं मान हलवली आणि जाऊन पंगतीत बसला.

गावातली पऱ्हाटी उभीच राहिली. पंचनाम्याला कोणी आलं नाही. हरभऱ्याचे दिवस गेले, विहिरी तळाला लागल्या. पुढं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, त्यात उकंडरावासमोर कोणी अर्जच भरला नाही. गुलाल उधळला तेव्हा तो इतका घाबरला होता की हारात तोंड खुपसून उभा राहिला. लोक म्हणाले, साधा माणूस.

उत्तमरावानं बोलल्याप्रमाणे जाकीरचं वावर काढून दुसऱ्याला दिलं. जाकीरला सुरतेकडं कोणी नातलग होता, कापडाच्या कारखान्यात लावून देतो म्हणाला. निघायच्या दिवशी सकाळी फाट्यावर जाकीर, शबाना आणि त्यांची धाकटी महनूर एसटीची वाट पाहत बसले होते. दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी. उकंडराव पायी आला. एकटा आला. त्यासाठी त्याला मागच्या नाल्यानं यावं लागलं होतं.

शबानानं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "या सरपंच भाऊ."

तो जाकीरच्या शेजारी पेटीवर टेकला. तोंड धुतलेलं, कोरडं.

"जाकीर, ते रंगाबाहेरचं होतं."

"मालूम हाय."

"कधी मालूम झालं?"

"त्याच वक्ती. तुहे आसू खरे होते. सोंगात तू कधी रडत नाहीस, आसू आणाले डोळ्यात तेल घालतोस."

उकंडरावानं पेटीच्या कडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मंग काऊन नाही उपटली बे? घरी जाऊन उपटली असती गुपचूप."

जाकीर हसला. "गुपचूप! वावर का खिशात ठेवाची चीज हाय? तुह्या वावरात हरबरा उगवला तर त्याग झाला. माह्या वावरात उगवला असता तर काय झालं असतं? ज्यानं उपटली तो बेइमान, हे तूच टाकीवरून बोल्ला. ते गाव विसरलं नव्हतं. अन् बेइमान म्हणाले माणूस पाह्यजे असला की लोकाइची नजर कोणाच्या घराकडं आधी जाते, ते तुले सांगा लागते का?"

"मी असतो ना गावात. मी म्हणलो असतो..."

"तू काय म्हणला असता, उकंडा?"

एसटी आली. जाकीरनं पेटी टपावर चढवली, महनूरला आत दिलं. मग पुन्हा खाली उतरला आणि गाठोड्यातून कागदात बांधलेला एक पुडा काढून उकंडरावाच्या हातात दिला. पिंजलेला कापूस. पांढराशुभ्र.

"दाढीसाठी निवडून ठेवला होता. साऱ्या वावरात एवढाच चांगला निघाला."

एसटी गेली. फाट्यावरच्या टपरीवाल्यानं ओरडून विचारलं, "सरपंच, च्या घेता का?" उकंडरावानं घेतला, कारण नाही म्हणायची त्याला आता सवय राहिली नव्हती.

चैत्रात लोकांनी लय आग्रह केला, पण कप्तान निघाला नाही. कापसाचा पुडा गोजरबाईनं भिंतीतल्या देवळीत ठेवला, तो तिथंच आहे. काजलनं बापापुढं ती चित्रकथा पुन्हा उघडली नाही. त्यानंही विचारलं नाही, शेवटी त्या कप्तानाचं काय झालं म्हणून.

उन्हाळ्यात जाकीरच्या वावरातली पऱ्हाटी अजून उभीच होती. नवा ठोकेदार पेरणीच्या तोंडावर येणार होता. एका सकाळी उकंडराव चिमटा घेऊन धुरा ओलांडून गेला आणि एकट्यानं पऱ्हाटी उपटू लागला. कोरडी जमीन, खोल गेलेली मुळं. एकेका झाडाला दोन-दोन झटके द्यावे लागत. वाळलेल्या बोंडांमधून अळीचे कोष पायाशी पडत होते, तो ते चपलेनं चिरडत होता. तळहाताची सालटी निघाली. दोन ओळी झाल्या असतील, तेव्हा वाटेवरून सोजराबाईचा मुलगा मोटारसायकलवर आला आणि थांबला.

"अरे बापरे! सरपंच गरिबाचं वावर साफ करून राह्यले! स्वतःच्या हातानं!" त्यानं मोबाइल काढला. "हे तर गावाच्या ग्रुपवर टाकाच लागते. भाऊ, जराकसं इकडं पाहा. हाव, चिमटा वर धरा. कप्तान, हसा ना थोडं."

उकंडरावानं मान वर केली. त्याच्या तोंडावर रंग नव्हता, घाम आणि माती होती. काही तरी बोलायला त्यानं तोंड उघडलं.

मग मिटलं, चिमटा वर धरला आणि मोबाइलकडं पाहिलं.